गेल्या वर्षी पुरवलेल्या मालाचा महसूल यंदाच्या लेख्यांत कसा दाखवावा

वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवताना माल आधी जातो आणि पोलादाच्या भावानुसार वाढीव दर पुष्कळदा मागाहून मंजूर होतो, हे नाशिकच्या सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहतींमधील लेखापालांना नवे नाही. मंजुरी पुढच्या आर्थिक वर्षात आली, तर इंड एएस ११५ या महसुलाच्या भारतीय लेखामानकाच्या परिच्छेद ११६ प्रमाणे, माल पुरवण्याच्या आधीच पूर्ण केलेल्या जबाबदाऱ्यांपोटी यंदा नोंदलेला महसूल लेख्यांच्या टिपांतील खुलाशात वेगळा सांगावा लागतो. हे मानक १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. वसाहतीतील अनेक लहान कारखाने मात्र अजून एएस ९ या जुन्या महसूल-मानकाप्रमाणेच लेखे ठेवतात आणि त्यांना हा खुलासा लागू नाही.

प्रथम करार वाचावा. दरवाढीचे सूत्र त्यात मुळातच असेल, तर वाढीव रक्कम हा किमतीचा बदलता भाग ठरतो. किंमत नंतर नव्याने वाटाघाटी करून बदलली असेल, तर तो करारबदल समजून त्याचे नियम स्वतंत्रपणे तपासावेत.

त्यानंतर मागील ३१ मार्चच्या लेख्यांत किती अंदाज धरला होता, हे शोधावे. सर्वाधिक चुका येथेच होतात. समजा, अंबडच्या एका कंपनीने जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये १ लाख नग पुरवले, दर नगामागे २० रुपये वाढ मागितली आणि त्यांपैकी १२ रुपये पुढे उलटवावे लागणार नाहीत अशी दाट शक्यता असल्याने १२ लाख रुपये त्याच वर्षी महसुलात घेतले. लेखे मंजूर झाल्यानंतर, ऑगस्टमध्ये ग्राहकाने पूर्ण २० रुपये मान्य केले. सप्लिमेंटरी बिल २० लाखांचे निघेल, परंतु २०२५-२६ चा महसूल आणि खुलाशातील आकडा ८ लाखांचाच राहील. बिलाच्या तारखेवरून हा आकडा काढणारे कोष्टक कितीही नीटनेटके असले, तरी ते चुकीचेच.

मागील वर्षाचे आकडे बदलू नयेत, कारण अंदाजातील बदल त्याच वर्षी नोंदायचा असतो ज्या वर्षी तो होतो. उपलब्ध माहितीकडे तेव्हा दुर्लक्ष झाले असेल, तर मात्र ती चूक ठरते आणि इंड एएस ८ या अंदाजबदल व चुकांच्या मानकाप्रमाणे जुने आकडे दुरुस्त करावे लागतात. मंजुरी लेखे संमत होण्यापूर्वीच आली असेल, तर वर्षअखेरीनंतरच्या घटनांचे मानक, इंड एएस १०, आधी पाहावे.

दोन रकमा या आकड्यात मिसळू नयेत. गेल्या वर्षी आगाऊ घेतलेल्या पैशांचा माल यंदा दिला, तर तो महसूल त्याच परिच्छेदातील दुसऱ्या खुलाशात जातो. ग्राहकाकडून येणे बुडाल्यास ते पतहानी (उधारी बुडाल्याचा तोटा) म्हणून दाखवावे. त्यासाठी महसूल कमी करू नये.

ग्राहकाने जुन्या पुरवठ्याचा दर कमी केला आणि धरलेला अंदाज खाली आला, तर ती घटही याच खुलाशात येते. वाढ आणि घट एकमेकांतून वजा करून आकडा नगण्य दिसत असेल, तर दोन्ही वेगळ्या ओळींत दाखवाव्यात, असे माझे मत आहे. ऑडिटर नाहीतरी ते विचारतातच.