वर्गातलं गणित आणि परिसर अभ्यास घरी कसं कळवावं

पालकांना वर्गात काय चाललंय ते कळवायचं कसं, यावर सल्ले भरपूर मिळतात. रंगीत वार्तापत्र काढा, महिन्याचा अहवाल पाठवा, ॲप घ्या. मी वार्तापत्र काढून पाहिलंय. तीन महिने रविवार घालवले. एक पोरगी तिसऱ्या अंकाच्या कागदात चिवडा बांधून घेऊन आली, तेव्हा काढणं बंद केलं.

आता आठवड्याला एक चिठ्ठी पाठवते. चार ओळींची. गणिताची एक आठवडा, परिसर अभ्यासाची दुसरा. नागपुरात प्राथमिकच्या वर्गांना शिकवताना हे कसं बसत गेलं, ते सांगते.

आधी पोराजवळ कोण बसतं ते विचारा

प्रवेशाच्या फॉर्मवर बापाचा नंबर असतो. बाप बुटीबोरीला नाहीतर हिंगण्याला कंपनीत, दुसरी पाळी. फोन त्याच्या खिशात आणि वही आजीच्या मांडीवर. तुमचा मेसेज रात्री साडेअकराला उघडला जातो, पोरगं तोवर झोपलेलं.

म्हणून जूनच्या शेवटी शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक पोराला विचारायचं, "रात्री वही कोण उघडतं?" पालकांना विचारू नका, ते "आम्हीच बघतो" म्हणतात. पोरं खरं सांगतात. वहीच्या मागच्या पानावर नाव, कोण बसतं आणि मराठी वाचता येतं का, एवढं लिहून ठेवा. माझ्या वर्गात दरवर्षी सात-आठ घरं हिंदी बोलणारी असतात. त्यांना शुद्ध मराठीतली सूचना पाठवून आपण आपलंच समाधान करून घेतो.

चिठ्ठी शुक्रवारी द्या, आणि धडा सुरू व्हायच्या आधी

नंतर दिलेल्या चिठ्ठीचा उपयोग नाही. का, ते पुढे येतंच आहे.

चिठ्ठीत काय लिहायचं

इथे मी दोन वर्षं चुकत होते. मी लिहायची, "हातच्याची वजाबाकी पूर्ण झाली. घरी सराव घ्यावा." आपल्याला वाटतं, कळवलं. घरच्यांना वाटतं, आता आपण शिकवायचं. आणि ते शिकवतात, त्यांना जसं शिकवलं होतं तसं.

एका सोमवारी एक हुशार पोरगी 52 मधून 27 वजा करून 15 लिहून आली. पुढचं उदाहरणही तसंच, त्याच्या पुढचंही. पानभर दहा-दहाची चूक. मी तिला धांदरट म्हणून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेच्या फाटकाशी उभी. "बाई, तुम्ही पोरीले उलटं शिकवून राहिल्या का? मी बरोबर शिकवलं होतं तिले."

आजी खरंच बरोबर होती. वर्गात आम्ही दशक सुटा करतो. 52 मधला एक दशक मोडला की 4 दशक आणि 12 एकक होतात. 12 मधून 7 गेले, 5 उरले. 4 मधून 2 गेले, 2 उरले. उत्तर 25. आजीच्या पद्धतीत वरचा दशक मोडतच नाही. वर 2 चे 12 करायचे आणि हातचा खालच्या 2 ला द्यायचा, तो 3 होतो. 5 मधून 3 गेले, 2 उरले. उत्तर 25 च. वर दहा वाढवले, खालीही दहा वाढवले, फरक तोच राहिला.

पोरीने दोन्ही केलं. शाळेसारखा वरचा 5 चा 4 केला आणि आजीसारखा खालचा 2 चा 3 केला. 4 मधून 3 गेले, 1 उरला. 15. दोघींचंही तिने ऐकलं, एवढीच तिची चूक. आणि धांदरट मी होते, कारण मी "सराव घ्यावा" लिहिलं आणि कशाचा ते लिहिलं नाही.

तेव्हापासून चिठ्ठीत धड्याचं नाव लिहितच नाही. घरच्यांना वहीत काय दिसेल आणि पोर काय बोलेल, ते लिहिते. त्या वजाबाकीची चिठ्ठी आता अशी जाते:

"पुढच्या आठवड्यात वजाबाकी आहे. वहीत 52 मधला 5 खोडून वर 4 लिहिलेला दिसेल, ते चूक नाही. पोराला विचारा, 5 चा 4 का केलास? दुसरी पद्धत या महिन्यात दाखवू नका, नंतर मीच दोन्ही दाखवणार आहे."

चौथ्या वाक्याला घाबरू नका. "दाखवू नका" लिहिलं तर पालक दुखावतील असं मला सांगणारे बरेच भेटले. कुणी दुखावलं नाही. उलट "हे आपल्यावर नाही" म्हणून सुटल्यासारखं वाटतं त्यांना. फक्त "तुमची पद्धत चुकीची" असं चुकूनही लिहू नका. ती चुकीची नसते, आणि ज्या आजीला तुम्ही चूक ठरवाल ती पुन्हा वही उघडणार नाही.

पद्धत का बदलली, हे एका ओळीत सांगता आलं तर सांगा. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला "वीस सात" आलं, तेव्हा घराघरांत थट्टा झाली. मी चिठ्ठीत एवढंच लिहिलं, "एकोणतीस म्हणताना पोराला तीस ऐकू येतं आणि ते आधी 3 लिहितं. एकदा तुमच्याच पोराला सांगून बघा." ज्यांनी सांगून बघितलं, त्यांची थट्टा थांबली. एकोणतीस, सत्तावीस हे शब्द शिकवायचे आहेतच, हेही त्यातच लिहून टाकलं.

एकच गोष्ट लिहा. दोन लिहिल्या की दुसरी कुणी वाचत नाही.

पाठवायचं कसं

चिठ्ठी वहीत चिकटवा, आणि तीच चिठ्ठी वाचून एक मिनिटाच्या आत आवाजी मेसेज ग्रुपवर टाका. हिंदीतही. ग्रुपवर लिहायची मुभा फक्त शिक्षकांना ठेवा, नाहीतर तुमची वजाबाकी सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. वर्गातले फोटो टाकायचे तर फळ्याचे आणि वह्यांचे टाका, पोरांच्या चेहऱ्यांचे नको.

परिसर अभ्यासात घराला काम द्या

विज्ञानाचं उलट आहे. तिथे "शिकवू नका" म्हणावं लागत नाही, घरचे हातच लावत नाहीत, कारण त्यांना वाटतं विज्ञान म्हणजे प्रयोगशाळा. तेव्हा घरात आहे त्यावरच प्रश्न द्यायचा. बाष्पीभवनाच्या आठवड्यात माझा प्रश्न ठरलेला असतो: कूलर एप्रिलमध्ये गार करतो, मग जुलैमध्ये चिकचिक का करतो? नागपुरात यावर मत नसलेलं घर सापडायचं नाही. पाणी वाफ होऊन उडताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार. पावसाळ्यात हवेत आधीच ओल, पाणी फारसं उडत नाही. हे उत्तर मी चिठ्ठीत देत नाही. सोमवारी पोरं घरून जे घेऊन येतात त्यावरच तास होतो. "गवत जुनं झालं म्हणून" हे उत्तर दरवर्षी येतं. ते फळ्यावर लिहा, खोडू नका. नवं गवत बसवलेला जुलैमधला कूलर कुणाच्या तरी घरी असतोच.

दोन मोह टाळा. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली पडत नाही तो, घरी बघायला सांगा, असं उत्साही लोक सुचवतात. आपल्याकडे तो मेच्या शेवटी येतो, सुट्टीत, आणि पुन्हा जुलैच्या मध्यात, ढगात. त्यापेक्षा डिसेंबरमध्ये गच्चीवर काठी रोवून सकाळची आणि दुपारची सावली वितीने मोजायला सांगा. दुसरा मोह संत्र्याचा. अपूर्णांक आले की सगळ्यांना संत्रं आठवतं. पण फाका सारख्या नसतात, आणि अपूर्णांकाला भाग सारखे लागतात. एका पोराने बारीक फाक आपल्याला आली म्हणून "हा पाव नाही" असं भांडून दाखवलं, तेव्हा मला कळलं. पोळीची घडी घालायला सांगा. अर्धी, मग पाव. संत्रं नंतर खायला.

रमण विज्ञान केंद्राची सहल असेल तर आल्यावर पोराला कोणता एक प्रश्न विचारायचा, तेवढा आदल्या दिवशी कळवा.

उत्तर आलं नाही तर

दहा-बारा घरांतून काहीच येत नाही. त्यांना आठवणीचे मेसेज पाठवू नका. शाळा सुटताना फाटकाशी जो घ्यायला येतो, मग तो ऑटोवाला काका का असेना, त्याच्यासमोर पोराला एकदा 5 चा 4 का केला ते सांगायला लावा. दोन मिनिटं लागतात. ती 15 वाली पोरगी आता सातवीत आहे. तिचा धाकटा भाऊ माझ्याकडे आहे, आणि त्यांची आजी चिठ्ठी चिकटवलेली नसली की शनिवारी निरोप पाठवते.