शिस्तभंगाची सुनावणी: जाण्यापूर्वीची तयारी

विद्यापीठाच्या शिस्तपालन समितीसमोर मी एकदा उभा राहिलो आहे, आणि तयारी म्हणून तेव्हा जे केले त्याला तयारी म्हणणे कठीण आहे. ही यादी त्या फजितीतून आली आहे. कपडे नीटनेटके असावेत, वेळेआधी पोहोचावे, आवाज चढवू नये, यावर शब्द खर्च करत नाही.

सुरुवात नोटिशीपासून. घाबरलेला माणूस नोटिशीतला दम तेवढा वाचतो, मजकूर वाचत नाही. आरोप कोणत्या कलमाखाली ठेवला आहे ते शोधावे आणि ते कलम नियमावलीत मुळातून वाचावे, कारण एकच कृत्य साहित्यचोरी, परीक्षेतील गैरप्रकार किंवा परवानगीविना मिळून केलेले काम, यांपैकी कशातही बसवता येते आणि प्रत्येकाची शिक्षा वेगळी असू शकते. लेखी उत्तराची मुदत बहुधा सुनावणीच्या बरीच आधी संपते, तेव्हा दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात. चौकशीदरम्यानचे तात्पुरते निलंबन ही शिक्षा नव्हे. त्याविरुद्ध वेगळा अर्ज करावा, मूळ उत्तरात ते भांडण मिसळू नये.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. समितीपुढे जाणारी पुराव्याची फाइल सुनावणीपूर्वी मागावी. लेखी मागावी, अर्जाची पोच घ्यावी, आणि जोडपत्रांसह पूर्ण फाइल असा स्पष्ट शब्दप्रयोग करावा. मी ती मागितली नाही. आरोप मला ठाऊक होता, म्हणजे पुरावाही ठाऊक आहे असे मी धरून चाललो. माझा आणि एका वर्गमित्राचा प्रयोग-अहवाल जवळजवळ शब्दशः सारखा निघाला होता. त्याने तो माझ्या अहवालावरून उतरवला आहे हे मला माहीत होते आणि तेवढे सांगितले की पुरे, असा माझा भाबडा समज. सुनावणीत अध्यक्षांनी फाइलीतले एक पान उलटून माझ्याकडे सरकवले. त्यावर अहवाल जमा झाल्याच्या वेळांची नोंद होती: त्याचा सकाळी ९:४२ला, माझा ११:१०ला. त्या नोंदीत फक्त शेवटची प्रत दाखवली होती. मी पहिली प्रत आदल्या संध्याकाळीच जमा केली होती, नंतर एका आकृतीतली चूक दुरुस्त करून पुन्हा चढवली होती, आणि पहिल्या प्रतीची पोच माझ्या ईमेलमध्ये पडून होती. त्या खोलीत, पाच माणसांसमोर, मला ती आठवलीच नाही. आठवली ती बाहेर जिन्यावर. फाइल दोन दिवस आधी पाहिली असती तर ते पान मी पाच मिनिटांत निकाली काढले असते.

ही मागणी म्हणजे उद्धटपणा नव्हे. अमेरिकेत १९६१च्या डिक्सन खटल्यात अपील न्यायालयाने, नोटीस आणि सुनावणीविना अलाबामातील सरकारी कॉलेजातून काढलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल देताना, विरुद्ध बाजूच्या साक्षीदारांची नावे आणि त्यांच्या सांगण्याचा गोषवारा विद्यार्थ्याला मिळायला हवा असे म्हटले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घनश्याम दास गुप्ता प्रकरणात, परीक्षेतील गैरप्रकाराची शिक्षा देण्याआधी विद्यार्थ्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे असे ठरवले. तरीही न मागता फाइल क्वचितच हातात पडते. कार्यालयात बसूनच वाचा असे सांगितले तर वही घेऊन बसावे आणि प्रत्येक पानाची तारीख उतरवून घ्यावी. इतरांची नावे खोडलेली असतील. त्यावर वाद घालू नये.

फाइल पाहिल्यावरच लेखी निवेदन लिहावे, आधी नाही. दोन पाने पुरतात: घटनाक्रम, प्रत्येक विधानासमोर जोडपत्राचा क्रमांक, आणि फाइलीतल्या कोणत्या पानाशी आपले म्हणणे जुळत नाही ते. ‘माझ्या भवितव्याचा प्रश्न आहे’ हे वाक्य समितीने शेकडो वेळा वाचलेले असते. येथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. बहुतेक ठिकाणी कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते एवढेच पाहिले जाते, म्हणून गप्प बसण्याचा फारसा फायदा होत नाही. मात्र तेच प्रकरण पोलिसांकडेही गेले असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही लिहून देऊ नये.

सोबत कोणाला नेता येते ते आधी विचारावे; पुष्कळ ठिकाणी सल्लागार शेजारी बसू शकतो, बोलू शकत नाही. समितीतील कोणाशी जुना वाद असेल तर आक्षेप सुनावणीपूर्वी आणि लेखी. साक्षीदारांची नावे मुदतीत द्यावीत. उलटतपासणीवर भिस्त ठेवू नये: रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात विद्यार्थिनींच्या साक्षी आरोपी विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत नोंदवल्या होत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली ती चौकशी मान्य केली. प्रश्न बहुधा अध्यक्षांमार्फतच विचारावे लागतात, तेव्हा ते कागदावर तयार असावेत. आणि ते फाइल पाहिल्याशिवाय तयार होत नाहीत, हे पुन्हा सांगतो.

सुनावणीच्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे. नवा कागद अचानक पुढे आला तर वाचायला वेळ मागावा आणि ती मागणी इतिवृत्तात नोंदवायला सांगावी. मी मान डोलावली होती.

शिक्षेचा टप्पा वेगळा असतो. चांगल्या वर्तणुकीची पत्रे तेव्हा द्यावीत. ताकीद, देखरेखीचा काळ, गुण रद्द, निलंबन, कायमचे काढून टाकणे, असा साधारण चढता क्रम. गुणपत्रकावर नोंद राहते का, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचे काय, एवढे विचारून घ्यावे.

अपील म्हणजे पुन्हा सुनावणी नव्हे. आधार मोजकेच: प्रक्रियेतील चूक, आधी हाती येऊ न शकलेला पुरावा, फार कडक शिक्षा. मी ईमेलमधली पोच जोडली. उत्तर आले की हा कागद सुनावणीच्या दिवशी माझ्याकडेच होता. मुदत अनेक ठिकाणी निकालपत्राच्या तारखेपासून मोजतात, ते आपण उघडले त्या दिवसापासून नाही.