लाईट गेलीय, ऊन कडक आहे, आधी बॅटरी बघा

मंडळी, परतीचा पाऊस सुरू झालाय, वादळात पोल पडतायत, आणि एकदा डीपी जळाली की आमच्या सिल्लोड-कन्नड पट्ट्यात वस्तीवर चार-चार, आठ-आठ दिवस लाईट नसते. मधे उघडीप मिळाली की ऊन मात्र कडक, सोलरचे पॅनल पावसानं धुऊन निघालेले, करंट फुल्ल. याच दिवसांत बॅटऱ्या मरतात, आणि लोकांना वाटतं जास्त वापरल्या म्हणून गेल्या. बहुतेक ठिकाणी मला उलटं दिसलंय, जास्त चार्ज होऊन गेल्या.

होतं काय, लाईट नाही म्हणून बॅटरी वाचवायला घरातलं सगळं बंद करायचं आणि सगळी माणसं सोयाबीन काढायला रानात. बॅटरी बारालाच भरते, पॅनल पाचपर्यंत ढकलतच राहतं. चार्ज कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग आवरणारा डबा) धड असेल तर तो करंट कमी करून बॅटरी फ्लोटवर, म्हणजे भरलेली राहील एवढ्याच कमी व्होल्टवर, धरतो, काही बिघडत नाही. पण कंट्रोलर जळाला की पॅनलची वायर थेट बॅटरीला जोडायची, "चार दिवस चालवून घेऊ" म्हणत, या एका सवयीनं घात होतोय. दरवर्षी सांगतो, आजही तेच सांगतोय.

मागच्या वर्षी शेजारच्या वस्तीवर गेलो तर दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी, बुचांभोवती ओलं, खाली फरशी पांढरी पडलेली, खोलीत सडक्या अंड्याचा वास. मल्टिमीटर लावला, 15.8 व्होल्ट. कंट्रोलर खुंटीला टांगलेला. पाणी उकळून प्लेटा उघड्या पडलेल्या. कुंपणाचं झटका मशीन त्याच बॅटरीवर होतं, ते रात्री बंद पडलं आणि मका चिकात असताना रानडुकरांनी सकाळपर्यंत अर्धा एकर आडवा केला. बॅटरी एक वेळ परत घेता येते हो, मका कुठून आणायचा?

आता आकडे लिहून घ्या. पाण्याची 12 व्होल्टची बॅटरी 25 अंशाला बूस्टमध्ये, म्हणजे जोरात भरताना, 14.4 पर्यंत, फ्लोटला 13.5 ते 13.8. खोली तापली तर दर अंशाला सेलमागे (12 व्होल्टला सहा सेल) 3 ते 5 मिलिव्होल्ट कमी करायचे, म्हणजे पत्र्याखाली 40 अंश असेल तर 14.4 चे 14.0 धरा. 24 व्होल्टला दुप्पट. माझा अंदाज विचाराल तर दुपारी दोनला बॅटरीच्या कुशीला हात लावा, दहा आकडे मोजेपर्यंत हात ठेववत नसेल तर मीटरची वाट बघू नका, पॅनलवर ताडपत्री टाकून त्याचं कनेक्शन तोडा.

वास येत असेल तर खोलीत बटण दाबू नका, विडी-काडी नको. दारं-खिडक्या उघडून बाहेर या, पॅनलवर ताडपत्री टाका, करंट थांबू द्या, खोली मोकळी झाली की मगच वायर सोडवा. भरउन्हात चालू वायर ओढली तर ठिणगी पडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत 4 टक्के झाला तरी पेट घेतो. कडबा, बारदाना त्या खोलीत ठेवूच नका.

दुकानदार म्हणेल मोठी बॅटरी घ्या, नाहीतर लिथियम घ्या, नाहीतर हे टॉनिक टाका. टॉनिकनं आयुष्य वाढलेली बॅटरी मी अजून बघितली नाही. पंधरा हजारांची बॅटरी थेट वायरीवर लावली तर तीही उकळणारच, त्यापेक्षा हजार-दीड हजाराचा कंट्रोलर बदला. लिथियम असेल तर कंट्रोलरची सेटिंग लिथियमचीच हवी, इक्वलाइझ (मधूनमधून जादा व्होल्टनं चार्ज करणं) बंद.

बाकी नेहमीचं:
- डिस्टिल्ड वॉटर, खुणेपर्यंत, चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या असतील तर आधी बुडेपुरतं.
- बोअरचं पाणी नको, ॲसिड तर कधीच नको.
- जोडताना आधी बॅटरी मग पॅनल, सोडताना आधी पॅनल.
- पॅनलच्या लाईनला डीसी एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच).
- बारा ते तीन पंखा, फवारणी पंपाचं चार्जिंग चालू.

बॅटरी मेलीच तर कुंपणाला घरची लाईन जोडायची नाही. माणसं मेलीत त्यानं. मशीनला वेगळी छोटी बॅटरी आणा, तोवर रात्री राखण करा. आणि लाईट आल्या दिवशी इन्व्हर्टरचं मेन्स चार्जिंग बंद ठेवा, नाहीतर दोन्हीकडून एकदम चार्जिंग होतं.