थंड प्रदेशात डेकच्या फूटिंगसाठी काँक्रीट कसे निवडावे

लाकडी डेकचे, म्हणजे खांबांवर उभारलेल्या उघड्या लाकडी ओट्याचे, ओझे फूटिंगच्या (खांबाखालच्या पायाच्या) काँक्रीटला फारसे जाणवतही नाही. एका खांबाच्या वाट्याला डेकचा २.४ × १.८ मीटर भाग येतो आणि माणसे, सामान, लाकूड मिळून दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन भार पडतो असे धरू. एकूण होतात साधारण ११ किलोन्यूटन. ३०० मिलिमीटर व्यासाच्या गोल फूटिंगवर त्याचा दाब जेमतेम ०.१५ मेगापास्कल येतो. साध्या एम-२० (२० मेगापास्कल ताकदीच्या) काँक्रीटची ताकद याच्या शंभरपटीहून जास्त असते. तरीही काही हिवाळ्यांत फूटिंगचे माथे पापुद्रे निघून झिजतात, कारण काँक्रीटमध्ये मुरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. त्यामुळे कोरड्या मिश्रणाच्या बॅगेवरचा ताकदीचा आकडा शेवटी बघा. आधी हवा आणि पाणी.

१. आधी खड्डा

फूटिंगचा तळ हिवाळ्यात जमीन गोठते त्या पातळीच्या खाली हवा. ही खोली स्थानिक बांधकाम नियमांत दिलेली असते. तळ वर राहिला तर खालच्या मातीत बर्फाचे थर वाढत जातात आणि फूटिंग वर उचलले जाते. बारीक गाळाच्या मातीत हे सर्वांत जास्त होते. कितीही महाग काँक्रीट हे थांबवू शकत नाही. गोठलेली माती बाजूंनाही चिकटून फूटिंग वर ओढते, म्हणून खडबडीत खड्ड्यात थेट ओतण्यापेक्षा गुळगुळीत गोल पुठ्ठ्याचा साचा वापरावा.

तळाची रुंदी माती ठरवते. माती ७२ किलोपास्कल (दर चौरस मीटरला ७२ किलोन्यूटन) पेलत असेल, तर वरच्या ११ किलोन्यूटनसाठी तळाचा व्यास ४५० मिलिमीटर लागतो. म्हणजे वर ३०० मिलिमीटरचा काँक्रीटचा खांब आणि खाली रुंद पाया. बर्फ जास्त साचत असेल तर त्याचे वजन वेगळे धरा.

२. मिश्रण

माथा जमिनीच्या वर उघडा राहणार असेल, तर या तीन गोष्टी मागा:

- एअर-एंट्रेन्ड (मुद्दाम हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरलेले) काँक्रीट, २० मिलिमीटर खडीसाठी ५ ते ७ टक्के हवा
- पाणी-सिमेंट गुणोत्तर (वजनाने) ०.४५ किंवा कमी
- ताकद ३० मेगापास्कलच्या आसपास

हवेचे हे सूक्ष्म बुडबुडे गोठणाऱ्या पाण्याला सरकायला जागा देतात. दर १ टक्का हवेमागे ताकद साधारण ५ टक्के घटते, आणि इथे ती खुशाल घटू द्यावी. खाली स्वस्त आणि वर चांगले काँक्रीट, असा हिशेब करू नका. मध्ये जोड राहतो आणि नेमका तिथेच पाणी शिरते.

कुंपणाच्या खांबांसाठी मिळणारे, खड्ड्यात कोरडे ओतून वरून पाणी घालायचे झटपट मिश्रण इथे चालत नाही. पाणी सगळीकडे सारखे पोचत नाही आणि आत कोरडे गोळे राहतात.

३. बॅगा की रेडी-मिक्स?

३०० मिलिमीटर व्यास आणि १.३५ मीटर उंचीच्या एका फूटिंगला सुमारे ९५ लीटर काँक्रीट लागते. २५ किलोच्या एका बॅगेत साधारण ११ ते १२ लीटर होते, म्हणजे एकाला ९ बॅगा. अशा सहा फूटिंगना, १० टक्के नासाडी धरून, ५५ च्या आसपास बॅगा लागतील. रुंद तळाचे काँक्रीट त्यावर वेगळे. इतके कालवण्यापेक्षा रेडी-मिक्स (कारखान्यात कालवून गाडीने येणारे काँक्रीट) मागवलेले बरे, आणि हवेचे प्रमाणही तिथे मोजून मिळते. बॅगाच घेणार असाल तर त्यावर एअर-एंट्रेन्ड लिहिलेले आहे का पाहा आणि मिक्सर वापरा. घमेल्यात फावड्याने कालवून पुरेशी हवा धरली जाईल याचा भरवसा नसतो.

पाणी बॅगेवर लिहिले असेल तितकेच. २५ किलोला बहुधा २ ते २.५ लीटर. मिश्रण घट्ट वाटले की हात बादलीकडे जातोच, पण तो जादा लीटरच पुढे छिद्रे होऊन राहतो.

४. ओतताना

गोठलेल्या मातीवर कधीही ओतू नका. ती वितळली की फूटिंग खचते. सळईने टोचून पोकळ्या काढा, मात्र व्हायब्रेटर फार वेळ धरू नका, हवा निघून जाते. माथ्यावर आलेले पाणी जिरेपर्यंत थापी लावायची नाही. माथ्याला बाहेरच्या बाजूने थोडा उतार द्या.

५. थंडीत काम आलेच तर

पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर कोमट पाण्याने कालवा आणि ओतल्यावर जाड आच्छादन घाला. ताकद ३.५ मेगापास्कल होण्याआधी काँक्रीट एकदा जरी गोठले, तरी ते कायमचे कमकुवत होते. निदान तीन दिवस ते १० अंशांच्या वर ठेवा. लवकर घट्ट व्हावे म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात, पण त्याने आतली सळई आणि खांब काँक्रीटला धरून ठेवणारे लोखंडी अँकर गंजतात. क्लोराइडविरहित रसायन घ्या. वारंवार गोठणे-वितळणे सोसायला काँक्रीटला साधारण २४ मेगापास्कल ताकद लागते आणि ती यायला काही आठवडे जातात. म्हणून हिवाळा तोंडावर आला असताना ओतलेल्या फूटिंगचा माथा पहिला हिवाळाभर झाकून, कोरडा ठेवा आणि त्यावर बर्फ वितळवणारे मीठ पडू देऊ नका.