स्विचवरचे अँपिअर-व्होल्ट कसे वाचावेत

पाणी तापवायची १५०० वॅटची कांडी कन्व्हर्टर लावून लहान प्लगला जोडलेली अनेक घरांत दिसते. पाणी तापतं, म्हणजे सगळं ठीक, असं वाटतं. बटणाचं काय होतं ते मात्र मागच्या आकड्यांवरून कळतं.

१. मेन स्विच बंद करून बोर्ड उघडा. बटणाच्या पाठीवर किंवा कडेला बारीक अक्षरांत ‘६ए २४०व्ही ~’ असं काहीतरी असेल. ए म्हणजे अँपिअर, किती प्रवाह झेपतो ते; व्ही म्हणजे व्होल्ट, विजेचा दाब. ती नागमोडी खूण एसीची, म्हणजे घरात येणाऱ्या, दिशा बदलत वाहणाऱ्या प्रवाहाची.

२. उपकरणाच्या वॅटला २३० ने, म्हणजे घरातल्या व्होल्टने, भागा. हजार वॅटची इस्त्री साधारण ४.३ अँपिअर घेते, दोन हजारांचा गीझर ८.७. आपली कांडी ६.५, म्हणजे ६ अँपिअरच्या बटणाबाहेर. तिला १६ चा पॉवर पॉइंटच हवा. प्रवाह दुप्पट झाला की संपर्कबिंदूवरची उष्णता चौपट होते. त्यात स्क्रू सैल असला तर प्लास्टिक पिवळं पडतं, करपल्याचा वास येतो. असं बटण घासूनपुसून वापरू नका, बदला.

३. मोटरला सवलत द्या. पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो, म्हणून भागाकाराच्या उत्तरावर विसंबू नका. पंपाला वेगळा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) किंवा मोटरचा स्टार्टर लावा.

४. व्होल्टचा आकडा ही वरची मर्यादा. कमी व्होल्टला बटण चालतं, पण अँपिअर वाढवून मिळत नाहीत. ‘१६ गुणिले २४०, म्हणजे ३८४० वॅट’ हा हिशेब १२ व्होल्टला लावू नका. तिथेही १६ च अँपिअर.

५. डीसी, म्हणजे बॅटरी-सोलरचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, असेल तर थांबा. सोलरवाल्यांनी हे जरूर वाचावं. आपल्याकडचा ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी विझते. डीसीत तसा शून्य येतच नाही. ठिणगी ताणली जाऊन जळतच राहू शकते. ओळीने जोडलेल्या पॅनलांचे व्होल्ट काही शेकड्यांत जातात, तिथे घरातलं बटण म्हणजे आगीला आमंत्रण. डीसीचा आकडा स्पष्ट छापलेला आयसोलेटरच (पुरवठा पूर्ण तोडणारा स्विच) घ्या. त्याची खूण सरळ रेघ, खाली तुटक रेघ.

६ चं बटण काढून १६ चं बसवायचं ठरवलंत, तर आधी वायरमनकडून भिंतीतली वायर आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) तपासून घ्या. दिव्यांसाठी ओढलेली बारीक वायर तशीच राहिली, तर पुढे तीच तापेल, आणि भिंतीतला वास लवकर येत नाही.