टॅटूवर स्मार्टवॉच चालत नाही? दुकानात भांडण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात पुतण्याने नवं स्मार्टवॉच घेतलं आणि पंधरा दिवसांत तीनदा ठाण्याच्या नौपाड्यातल्या दुकानात परत नेलं. पहिल्या खेपेला दुकानदाराने ते रीसेट करून दिलं. दुसऱ्या खेपेला अपडेट मारून दिलं. तिसऱ्या खेपेला त्याने ते स्वतःच्या हातावर बांधलं आणि म्हणाला, "हे बघा, ठोके दाखवतंय की!" पुतण्या म्हणे, माझ्या हातावर दाखवत नाही. खरं तर दोघांचंही बरोबर होतं. दुकानदाराचं मनगट कोरं होतं आणि आमच्या चिरंजिवांच्या डाव्या मनगटाभोवती चार बोटं रुंद, भरीव काळा पट्टा गोंदलेला होता.

तीन फेऱ्यांत कुणालाच दुसरा हात आठवला नाही, ही पहिली चूक. घड्याळ टॅटू नसलेल्या हातावर बांधा, पाच मिनिटं शांत बसा आणि ठोके बघा. आकडा आला तर घड्याळ धडधाकट आहे, वॉरंटीचा कागद कपाटातच राहू द्या. कोऱ्या कातडीवरही आकडा येत नसेल, तर मग खुशाल दुकान गाठा.

घड्याळाच्या पाठीवर लुकलुकणारा हिरवा उजेड सगळ्यांनी पाहिलेला असतो. रक्त लाल दिसतं, कारण ते हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं, जास्त उजेड शोषला जातो आणि सेन्सरकडे कमी परततो. दोन ठोक्यांच्या मधे याच्या उलट होतं. ही चढउतार मोजून घड्याळ ठोके सांगतं. टॅटूची शाई कातडीच्या आतल्या थरात मुरलेली असते, म्हणजे उजेडाला जाताना आणि येताना दोन्ही वेळा शाई ओलांडावी लागते. काळ्या शाईत कार्बन असतो आणि तो कुठल्याही रंगाचा उजेड गिळतो. काही घड्याळं अधूनमधून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेडही वापरतात. काही रंगीत शाया त्याला वाट देतात, काळी मात्र त्यालाही सोडत नाही.

ॲपलचं पहिलं घड्याळ एप्रिल 2015 मध्ये बाजारात आलं आणि काही दिवसांतच ही तक्रार सुरू झाली. काही टॅटूंची शाई, नक्षी आणि तिचा दाटपणा यांमुळे सेन्सरचा उजेड अडू शकतो, असं कंपनीने तेव्हाच सांगून टाकलं. त्यातला 'नक्षी' हा शब्द महत्त्वाचा. बारीक अक्षरांत नाव गोंदलेलं असेल तर मधल्या मोकळ्या जागेतून घड्याळ बहुधा निभावून नेतं. भरीव भाग असेल तर नाही. आणि काळ्याच शाईने अडतं असं धरून लाल गुलाब काढून घेणाऱ्यांनीही जपावं. लाल शाई हिरवा उजेड शोषते, अगदी रक्तासारखीच.

पट्टा आवळणं ही दुसरी चूक. घड्याळाला नीट दिसत नाही म्हणून माणसं एकेक भोक पुढे सरकतात. शाईला त्याने काही फरक पडत नाही, उलट दाबामुळे त्या जागचं रक्तच बाजूला सरतं आणि उरलासुरला सिग्नलही जातो. वर आपल्या दमट हवेत पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठते ती वेगळीच. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर हवं, घसरू नये इतपतच घट्ट. टॅटू ताजा असेल तर हा प्रयोगही नको. जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, त्या हाताला घड्याळ लावूच नये.

पुतण्याला ठोक्यांपेक्षा जास्त वैताग आला होता तो पासकोडचा. सेन्सरला कातडी दिसली नाही की घड्याळाला वाटतं, मालकाने काढून ठेवलं. ते लॉक होतं आणि पुन्हा पासकोड मागतं, दिवसातून वीस वेळा. यावरचा सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन रिस्ट डिटेक्शन, म्हणजे घड्याळ मनगटावर आहे की नाही हे ओळखण्याची सोय, बंद करणं. कटकट थांबते हे खरं. पण मग घड्याळ हातातून निघालं तरी त्याला पत्ता नसतो. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर कुणी ते लांबवलं, तर चोराच्या हाती उघडं घड्याळ जातं. ॲपलच्या घड्याळात आणखी एक तोटा आहे: रिस्ट डिटेक्शन बंद असेल, तर माणूस जोरात पडल्याचं कळूनही ते आपण होऊन मदतीला फोन लावत नाही. घरातल्या वयस्कर माणसासाठी घड्याळ घेतलं असेल, तर हे सेटिंग बंद करायच्या आधी दोनदा विचार करा.

काहीजण सेन्सरवर फुगीर पारदर्शक स्टिकर चिकटवतात. घड्याळ फसतं, लॉक होत नाही, पण ठोके काही नीट मिळत नाहीत.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. घड्याळाने आकडा दाखवला नाही तर निदान कळतं तरी. खोटा आकडा दाखवला तर कळतही नाही. आमच्या उपवनच्या सकाळच्या कंपूत एकजण आहे, हातभर टॅटूवाला. तळ्याकाठी गप्पा मारत, रमतगमत धावत होता आणि घड्याळ सांगत होतं 172. येऊरच्या चढावर धाप लागली, तरी 172. गडी घाबरला. मग पावलं मोजली तर मिनिटाला साधारण तितकीच पडत होती. रक्ताची खूण अंधूक झाली की हाताच्या हिसक्यांची लयच घड्याळ ठोके समजून मोजत बसतं. टॅटू नसलेल्यांच्या बाबतीतही हे होतं, पण शाईवर त्याची शक्यता वाढते. त्या आकड्यावरून काढलेल्या कॅलरी, विश्रांतीचे तास, 'तुमचा फिटनेस घसरला' असले निरोप, सगळंच मग खोटं. म्हणून थांबून मानेशी किंवा मनगटाशी दोन बोटं ठेवा, पंधरा सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. फुकटात होतं.

ऑक्सिजनच्या आकड्याचं तर आणखी नाजूक आहे. तो लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन उजेडांच्या प्रमाणावरून काढतात, आणि शाई दोन्हींना सारखीच अडवेल असं नाही. टॅटूवर 88 दिसलं म्हणून रात्री साडेबाराला घर डोक्यावर घेऊ नका. नखपॉलिश काढून बोटावरच्या ऑक्सिमीटरने बघा. आणि खरोखर दम लागत असेल, तर घड्याळ काहीही म्हणो, डॉक्टरकडे जा.

हा प्रश्न फक्त तरुण पोरांचा आहे असं मलाही वाटायचं. मग बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात मैत्रिणीच्या आजीच्या हातात नातवाने आणलेलं घड्याळ पाहिलं. आजीच्या दोन्ही मनगटांवर पोरवयातलं गोंदण. ते हिरवट दिसतं, पण शाई काजळीची, म्हणजे पुन्हा कार्बनच. काळी शाई कातडीच्या आड गेली की उजेड विखुरल्यामुळे निळी-हिरवी भासते. घड्याळ दर अर्ध्या तासाने पासकोड मागत होतं आणि नातू कंपनीला शिव्या देत होता. आजीने निकाल लावला, "माजं गोंदान माज्यासंगं वर येल, तुजं घड्याल काय येतंय?" शेवटी घड्याळ फिरवून तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला घेतली. तिथे कातडी कोरी होती. ठोके लगेच आले.

म्हणजे करायचं एवढंच की जागा बदलायची. दुसरा हात चालत असेल तर उत्तम, फक्त सेटिंगमध्ये 'उजवा हात' करायला विसरू नका. दोन्ही हात भरलेले असतील तर दंडावर बांधायचा सेन्सर मिळतो; तोही उजेडावरच चालतो, म्हणून दंड कोरा हवा. नियमित धावणाऱ्यांनी सरळ छातीचा पट्टा घ्यावा. तो उजेड नव्हे तर हृदयाची वीज टिपतो, त्यामुळे छातीवर अख्खा महादेव गोंदलेला असला तरी बिघडत नाही. पट्ट्याची आतली बाजू आधी ओली करायची असते, पण ठाण्यात दुसऱ्या किलोमीटरला ते काम घामच करतो. घड्याळातला ईसीजीही विजेवरच चालतो.

मेंदी मात्र जिवाला लावून घेऊ नका. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात असते. लग्नानंतर मनगटापर्यंतच्या गडद मेंदीवर घड्याळ अडखळलं, तर दोन-तीन आठवडे थांबा.

पुतण्या आता घड्याळ उजव्या हाताला बांधतो. दिवाळीत त्या हातावरही टॅटू काढायचं त्याच्या डोक्यात आलं. मी त्याला घड्याळ बांधायला लावलं, सेन्सरच्या जागी बॉलपेनने दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा गोल काढला आणि सांगितलं, एवढं सोडून काय हवं ते काढ. टॅटू काढणारा हसला, पण त्याने तो गोल चंद्र म्हणून नक्षीत बसवून दिला.