काचेच्या बाटलीचा फोटो: आधी कड, मग बाकी सगळं

मातीच्या भांड्यावर समोरून प्रकाश टाकला की भांडं उजळतं. काचेच्या बाटलीवर तोच प्रकाश टाकला तर बहुतेक आरपार निघून जातो. काचेच्या पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के परततो, आणि तेवढाच दिव्याचा पांढरा ठिपका होऊन बाटलीच्या पोटावर बसतो. आकार काही दिसत नाही. बाटलीचा आकार डोळ्याला कळतो तो कडांमुळे. कडेजवळ काच प्रकाशाला इतकं वळवते, की तिथे सरळ मागचं न दिसता बाजूचं दिसू लागतं. म्हणून बाटलीच्या मागे काय आहे आणि बाजूला काय आहे, या दोन गोष्टी आधी ठरवायच्या.

बाटलीची तयारी

लेबल नको असेल तर कोमट साबणपाण्यात भिजवून काढा आणि राहिलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग मायक्रोफायबर कापड फिरवा. यापुढे बाटलीला सुती हातमोजे घालूनच हात लावा, कारण बोटांचे ठसे मागून उजेड आला की लगेच उठून दिसतात.

साच्यात घडवलेल्या बाटलीवर बहुधा समोरासमोर दोन उभ्या जोडरेषा असतात. बाटली फिरवून त्या बरोबर डाव्या-उजव्या कडेवर आणा, पहिल्या मांडणीत कडेवर उमटणाऱ्या काळ्या रेघेत त्या लपून जातात. बाटली भरायची असेल तर उकळून गार केलेलं पाणी घ्या. त्यात विरघळलेली हवा कमी असते, त्यामुळे आतून बुडबुडे चिकटत नाहीत. पाणी काचेच्या आतल्या बाजूवरून हळू सोडा.

कॅमेरा

ट्रायपॉड हवाच. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/८ ते एफ/११. एफ/१६ च्या पुढे गेलात तर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, तपशील मऊ पडू लागतो. लेन्स जमिनीला समांतर ठेवा. ती खाली झुकली तर बाटली बुडाकडे निमुळती दिसते. द्रवाची पातळी फोटोत एका सरळ रेषेत हवी असेल तर लेन्सची उंची त्या पातळीला आणा.

खोलीतले दिवे बंद करा. फ्लॅश वापरत असाल तर शटरचा वेळ १/१२५ सेकंद ठेवून आधी फ्लॅशशिवाय एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काही दिसलं तर बाहेरचा प्रकाश शिरतो आहे आणि तो काचेत उमटणारच.

पहिली मांडणी: मागे उजेड, कडा काळ्या

बाटलीच्या मागे ६० ते १०० सेंटिमीटरवर ट्रेसिंग पेपर किंवा दुधी अॅक्रिलिकचा पडदा उभा करा आणि त्याच्या मागून फ्लॅश किंवा एलईडी लावा. दिवा पडद्यापासून लांब असेल तर पडदा सारखा उजळतो. जवळ आणला तर मध्ये तेजस्वी आणि कडेला मंद होत जातो. हा उतार बाटलीत सुंदर दिसतो, पण पहिल्या प्रयत्नाला सारखा उजेडच बरा.

आता सर्वांत महत्त्वाचं. उजळ पडदा कॅमेऱ्याच्या चौकटीपुरताच, म्हणजे फोटोत येतो तेवढ्याच भागापुरता हवा, त्याहून मोठा नको. पडदा मोठा असेल तर कडांमधूनही उजेडच दिसतो, काळी रेघ नाहीशी होते आणि बाटली पार्श्वभूमीत विरघळून जाते. व्ह्यूफाइंडरमधून पाहत पडद्याच्या दोन्ही बाजूंनी काळे पुठ्ठे आत सरकवा. चौकटीत दिसू लागले की किंचित मागे घ्या. त्यानंतर बाटलीच्या डाव्या-उजव्या बाजूला, अगदी चौकटीबाहेर, आणखी दोन काळे पुठ्ठे उभे करा. रेघ गडद होते. ती जाड हवी असेल तर पडदा बाटलीपासून लांब न्या आणि पुठ्ठे पुन्हा जुळवा, बारीक हवी असेल तर पडदा जवळ आणा.

एक्सपोजर पार्श्वभूमीवर ठरवा. ० (काळा) ते २५५ (पांढरा) च्या मोजपट्टीत ती २४० ते २४५ च्या आसपास असावी. पूर्ण पांढरी होऊन वाहून गेली, तर तो जादा उजेड कडांवर पसरून त्यांना करडं करतो.

भरलेली गोल बाटली मात्र वेगळी वागते. आतल्या पाण्यामुळे ती भिंगच होते: मागचं चित्र डावं-उजवं उलटतं आणि बाजूचे काळे पुठ्ठे पार आतपर्यंत घुसतात. रिकाम्या बाटलीला जुळवलेली मांडणी पाणी ओतताच बिघडते ती यामुळेच. पुठ्ठे बाहेर सरकवा, पडदा थोडा जवळ आणा. जी स्थिती फोटोत हवी, त्याच स्थितीत बाटली ठेवून जुळवाजुळव सुरू केलेली बरी.

दुसरी मांडणी: मागे काळोख, कडा उजळ

तोच पडदा, आता चौकटीपेक्षा बराच मोठा. त्याच्या मधोमध, चौकट जेमतेम भरेल एवढा काळा पुठ्ठा लावा. पुठ्ठ्याच्या भोवती राहिलेला उजेड वळून कडांवर येतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर बाटलीची चमकती बाह्यरेषा उमटते. इथे दोन अडचणी हमखास येतात. उजेड थेट लेन्समध्ये शिरतो आणि काळा रंग फिका पडतो, म्हणून लेन्सहुड लावा आणि कॅमेऱ्याजवळ काळे पुठ्ठे आडवे धरा. दुसरी अडचण धुळीची. या मांडणीत प्रत्येक कण ताऱ्यासारखा चमकतो, तेव्हा फोटो काढण्याआधी हवेच्या पंपाने बाटलीवर फुंकर मारा.

लेबल आणि गडद काच

मागून उजेड असला की कागदी लेबल काळं पडतं. समोर एका बाजूला उभा, अरुंद पडदा लावून त्यामागे दिवा ठेवा. काचेवर त्याची एक स्वच्छ उभी पट्टी उमटेल, ती नकोशी वाटत नाही, उलट गोलाई दाखवते. पोलरायझर (लेन्सवरचा, परावर्तन कमी करणारा फिल्टर) फिरवून ही चकाकी घालवता येईल असं वाटतं, पण तो काचेच्या लंबाशी (पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेशी) साधारण ५६ अंशांवर पडणाऱ्या परावर्तनावरच पूर्ण चालतो आणि गोल बाटलीवर हा कोन जागोजागी बदलतो. चकाकीला नीट आकार द्यावा, हेच सोपं. तरीही जमत नसेल तर बाटली न हलवता दोन फोटो काढा, एक काचेसाठी, एक लेबलसाठी, आणि नंतर जोडा.

हिरव्या किंवा तपकिरी बाटलीत द्रव काळाकुट्ट दिसतो. बाटलीच्या मागे चंदेरी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा, तपकिरी काचेसाठी सोनेरी. तो थोडा तिरका करा आणि बाजूच्या किंवा वरच्या दिव्याचा प्रकाश त्यावर पाडा. तुकडा बाटलीहून अरुंद कापा. भरलेली बाटली त्याला आडवं मोठं करून दाखवते, म्हणून लहान तुकड्यानेही पोट उजळतं आणि त्याची कड बाहेर डोकावत नाही.

थेंब

गारव्याचे थेंब हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून बारीक फवारणीच्या बाटलीतून सुमारे ३० सेंटिमीटरवरून मारा. नुसतं पाणी ओघळतं, ग्लिसरीनमुळे थेंब जागच्या जागी राहतात. लेबल आधी कागदाने झाका. हे काम सगळी मांडणी झाल्यावर शेवटी करा, कारण त्यानंतर बाटलीला हात लावता येत नाही.

मांडणी मोडण्याआधी बाटली उचलून रिकाम्या पार्श्वभूमीचा एक फोटो त्याच सेटिंगवर काढून ठेवा. पडद्यावरचे डाग आणि सेन्सरवरची धूळ त्यात वेगळी दिसते, आणि संगणकावर साफ करताना काच कुठली आणि डाग कुठला, हे ओळखायला मदत होते.